नेरूळच्या माळ्यावरचा प्रीॲम्प: विकायचा की ठेवायचा?

"अरे, माळ्यावरचा मार्शल खाली काढलाय. एक मुलगा बघून गेला, बावीस हजार द्यायला तयार आहे. देऊन टाकू?"

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी दादाचा फोन आला तेव्हा मी ऐरोली स्टेशनवर ठाण्याच्या गाडीची वाट बघत होतो. "आज देऊ नकोस, मी येतोय," म्हणालो, पूल ओलांडला आणि नेरूळची गाडी पकडली. पुढचे अडीच महिने आम्ही त्या एका डब्यापायी जे केलं, ते इथे सगळं मांडतोय. जुना गिटार प्रीॲम्प आज जवळ बाळगण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर हवेत देता येत नाही. एका ठरावीक डब्याबद्दल, एका ठरावीक माणसासाठीच देता येतं.

दादा माझा मामेभाऊ, वय चोपन्न. आयुष्याची वीस वर्षं त्याने बोटीवर इंजिनिअर म्हणून काढली. आता नोकरी जमिनीवरची आहे, आणि शनिवार-रविवार तो एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. सोसायट्यांचे गणपती, नवरात्र, कधी वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह. १९९७ साली ह्यूस्टनला बोट लागलेली असताना त्याने हा प्रीॲम्प वापरलेलाच विकत घेतला होता. पाच-सहा वर्षं जोरात वाजवला. पुढे टू-बीएचकेमध्ये मोठा स्पीकर कॅबिनेट ठेवायला जागा उरली नाही. कॅबिनेट आणि पॉवर ॲम्प विकले आणि प्रीॲम्प तेवढा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला.

डबा काय आहे

मार्शल जेएमपी-१. कंपनीने तो १९९२ साली बाजारात आणला. एकोणीस इंच रुंद, रॅकच्या एका खणात बसणारा, जेमतेम साडेचार सेंटिमीटर उंच. आत ईसीसी ८३ जातीचे दोन व्हॉल्व्ह. अमेरिकेत याच व्हॉल्व्हला १२एएक्स७ म्हणतात. प्रत्येक काचेच्या नळीत दोन ट्रायोड असतात, म्हणजे दोन नळ्यांत सिग्नल वाढवायच्या चार पायऱ्या झाल्या. दोन स्वच्छ आवाज, दोन ओव्हरड्राइव्ह (ओडी, म्हणजे मुद्दाम फाटवलेले), आणि शंभर पॅच, म्हणजे आवाजाच्या ठरवून ठेवलेल्या जुळण्या, साठवायची सोय. मिडी ही वाद्ययंत्रांनी एकमेकांशी बोलायची डिजिटल भाषा. पायाखालच्या मिडी बोर्डावर एक बटण दाबलं की गेनपासून ट्रेबलपर्यंत सगळं एका क्षणात बदलतं.

आज यात कुणाला नवल वाटणार नाही. पण त्या काळात व्हॉल्व्हचा आवाज आणि पॅचची आठवण एकाच डब्यात मिळणं ही मोठी गोष्ट होती. १९८७ च्या एडीए एमपी-१ या प्रीॲम्पने ती वाट पाडली, मेसा बूगीचा ट्रायॲक्सिस आला, मग हा. गिटारवाल्यांचे रॅक तेव्हा फ्रिजएवढे असायचे. आयर्न मेडनच्या गिटारवादकांनी जेएमपी-१ वर्षानुवर्षं वापरला, झीझी टॉपच्या बिली गिबन्सनेही. १ फेब्रुवारी २००८ ला मेडन बीकेसीत वाजवून गेले तेव्हा दादा गर्दीत होता, आणि त्याचा स्वतःचा डबा तोवर माळ्यावर जाऊन बसला होता.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रीॲम्प हा अर्धा ॲम्प असतो. गिटारचा बारीकसा सिग्नल तो उचलतो, त्याला रंग देतो आणि पुढे ढकलतो. पुढे पॉवर ॲम्प आणि स्पीकर असतील तेव्हा कुठे तो आवाज होतो. दादाकडे पहिला अर्धा उरला होता, दुसरा विकला गेला होता.

पहिल्या दिवशी

डबा अमेरिकेतला, म्हणजे १२० व्होल्टवर चालणारा. दादाकडे तेव्हापासूनचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर होता, विटेएवढा जड. तो लावला, प्रीॲम्प चालू केला आणि मागचं मुख्य आउटपुट थेट माझ्या पुतणीच्या, म्हणजे दादाच्या मुलीच्या, ऑडिओ इंटरफेसला (वाद्याचा सिग्नल संगणकात नेणाऱ्या डबीला) जोडलं. पुतणी दुसऱ्या वर्षाला आहे आणि स्वतः छान गिटार वाजवते. तिच्याकडे पायाखाली ठेवायचा डिजिटल मॉडेलर, म्हणजे खऱ्या ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र आहे, घरातला सगळा आवाज त्यातूनच निघतो.

दादाने ई कॉर्ड मारला आणि हेडफोन काढून ठेवला. पत्र्यावर खडे ओतावेत तसा आवाज. वर एक जाड गुणगुण. डायल फिरवला तर आकडे पुढे जायच्या ऐवजी मागे-पुढे नाचत होते. पॅच तर सगळेच पुसले गेले होते. "गेला रे हा," दादा म्हणाला, आणि त्या घटकेला त्या मुलाचा फोन आला असता तर डबा गेलाच असता.

खरं तर त्या कर्कश आवाजात डब्याचा काही दोष नव्हता. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर पडूच देत नाही. व्हॉल्व्हच्या डिस्टॉर्शनमध्ये वर जी किरकिर असते ती स्पीकरमध्येच गाळली जाते. आम्ही गाळणीच काढून टाकली होती. जेएमपी-१ च्या मागे यासाठीच स्पीकरची नक्कल करणारं वेगळं आउटपुट आहे. वायर तिथे हलवली आणि आवाज माणसात आला. बरा होता, पण खोक्यातून आल्यासारखा. १९९२ मधली ती नक्कल म्हणजे एक ठरलेली फिल्टरची जुळणी, बदलता न येणारी.

मग पुतणी म्हणाली, "काका, मेनच घ्या. मी पुढे आयआर लावते." आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. खऱ्या कॅबिनेटसमोर माइक ठेवून त्याचा ठसा घेतलेली छोटी फाइल. मॉडेलरमध्ये ती असतेच. तिने चार बारा इंचींच्या एका कॅबिनेटचा आयआर निवडला, दादाने तोच ई कॉर्ड पुन्हा मारला आणि या वेळी हेडफोन काढला नाही. बराच वेळ वाजवत राहिला.

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. डिजिटलने जुने प्रीॲम्प मोडीत काढले असं सगळे म्हणतात. या डब्याचा हरवलेला दुसरा अर्धा मात्र डिजिटलनेच परत आणला. १९९७ साली दादाला हा आवाज रात्री अकरा वाजता, शेजाऱ्यांना न उठवता, कुठल्याही किमतीला मिळाला नसता.

गुणगुण

गुणगुण मात्र राहिलीच. माझा अंदाज होता की आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळले असणार. तीस वर्षांचं यंत्र, त्यात नेरूळची खाडीची दमट हवा. मी मनातल्या मनात कपॅसिटर बदलायचा खर्चही मांडून ठेवला होता.

रबाळे एमआयडीसीत एक काका औद्योगिक मशिनांची कार्डं दुरुस्त करतात. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ त्यांनी तरुणपणी पुष्कळ उघडले आहेत. डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी झाकणाला हातही लावला नाही. आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर उलटा केला, त्याची पिन बघितली आणि विचारलं, "वाजवताना तारांना हात लागला की झिणझिण्या येतात का हो?"

दादा म्हणाला, "येतात की. पहिल्यापासून येतात."

काकांनी मल्टिमीटरचं एक टोक डब्याच्या पत्र्याला आणि दुसरं भिंतीतल्या अर्थिंगला लावलं. आकडा साठ व्होल्टच्या आसपास जाऊन थांबला. त्या स्टेप-डाउनला दोनच पिन होत्या. प्रीॲम्पच्या वायरला अर्थिंगची तिसरी पिन होती, पण ती वाटेतच तुटत होती. सबंध डबा आणि त्याला जोडलेली गिटार, तारांसकट, अधांतरी लोंबकळत होती. काकांनी कपाटातून अर्थिंग पुढे नेणारा तीन पिनांचा स्टेप-डाउन काढला आणि त्यावर डबा चालू केला. गुणगुण जवळजवळ गेली, पत्र्यावरचा आकडाही गेला.

सत्तावीस वर्षांहून जास्त काळ दादा ती गुणगुण म्हणजे 'व्हॉल्व्हचा स्वभाव' समजत होता. अमेरिकेतून आणलेलं कुठलंही जुनं यंत्र तुमच्याकडे असेल तर आवाजाच्या गप्पांआधी ही तिसरी पिन तपासा. हे मी हात जोडून सांगतोय, कारण घाम आलेल्या हातात गिटार आणि तोंडासमोर माइक असताना हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

झाकण मग उघडलं. काकांनी आधी थांबायला लावलं, कारण व्हॉल्व्हच्या यंत्रात वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा दाब उरतो. तो उतरवूनच हात घालायचा. आत धूळ होती, एका कोपऱ्यात बुरशीचा पातळ थर होता. कपॅसिटर फुगलेले नव्हते, मीटरवरही ठीक आले. ते तसेच ठेवले. डायलच्या एन्कोडरमध्ये (डायल किती फिरला ते मोजणाऱ्या भागात) कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, तो आठ दिवस चालला आणि आकडे पुन्हा नाचायला लागले. शेवटी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या दुसऱ्या फेरीत पिना जुळणारा एन्कोडर मिळाला. पॅच पुसण्याचं कारण साधं होतं. आठवण जपणारा लिथियमचा सेल संपला होता. तो बोर्डावर थेट डाग देऊन बसवलेला असतो. काकांनी तिथे खोबणी बसवली, आता पुढच्या वेळी सोल्डरिंग करायला नको.

व्हॉल्व्हची परीक्षा मला सगळ्यात आवडली. डबा चालू ठेवून काकांनी पेन्सिलच्या मागच्या रबराने एकेका नळीवर हळूच टिचकी मारली. पहिलीवर हलकी टप. दुसरीवर स्पीकरमधून चक्क टिंग्‌ असा घंटेसारखा नाद आला, आणि तो सावकाश विरत गेला. ती नळी मायक्रोफोनसारखी वागत होती. दोन्ही बदलल्या.

एकूण खर्च, नव्या स्टेप-डाउनसकट, साडेआठ हजार. त्यातले चार हजारांच्या जवळपास एकट्या व्हॉल्व्हचे.

व्हॉल्व्ह पुढे मिळणार का, ही भीती अनेकांना असते. २०२२ मध्ये रशियातून निर्यात अडली तेव्हा जगभर घबराट झाली होती. पण ईसीसी ८३ आजही स्लोव्हाकियात, रशियात आणि चीनमध्ये बनतो, आणि प्रीॲम्पमधला व्हॉल्व्ह पॉवर ॲम्पमधल्यासारखा भाजून निघत नसल्याने वर्षानुवर्षं टिकतो. या कारणासाठी डबा विकायची गरज नाही.

मुलीच्या लॅपटॉपमधला मार्शल

डबा धडधाकट झाला. आता खरा प्रश्न. पुतणीच्या मॉडेलरमध्ये असले आवाज पैशाला पासरी आहेत, मग हा कशाला?

पुतणीनेच परीक्षा ठरवली. न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट. सुमारे तीन मिनिटांची ठरलेली ध्वनिफाइल तुमच्या यंत्रातून फिरवायची, बाहेर आलेलं रेकॉर्ड करायचं आणि संगणकाला त्या दोन्हींतला फरक शिकायला लावायचा. तिने दादाच्या एका ओव्हरड्राइव्ह पॅचचा असा ठसा घेतला. मग दादाने वाजवलेला एकच तुकडा एकदा खऱ्या डब्यातून आणि एकदा ठशातून काढला. पुढे दोन्हींना तोच आयआर, आवाजाची पातळीही मोजून सारखी. दादा पडद्याकडे पाठ करून बसला.

दादाला फरक ओळखता आला नाही. मलाही नाही. आम्ही दोघं पुन्हा पुन्हा ऐकत होतो आणि उत्तरं कधी बरोबर, कधी चूक. गिटारचा व्हॉल्यूम खाली करून वाजवलेला तुकडा घेतला तेव्हाही तेच. डिजिटलला होणाऱ्या उशिराचा मुद्दा मी काढणार होतो, पण त्यातही दम नाही. आवाज एका मिलिसेकंदात हवेतून साधारण ३४ सेंटिमीटर जातो. मॉडेलरचा तीन मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकरपासून मीटरभर लांब उभं राहणं.

हे मी लपवत नाही. केवळ आवाजासाठी हा डबा ठेवा, असं आज मी कुणालाही सांगू शकत नाही.

दादा गप्प झाला होता. जरा वेळाने म्हणाला, "म्हणजे माझा मार्शल पोरीच्या लॅपटॉपमध्ये गेला. मग दे त्या मुलाला." तेव्हा स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. हातात एक वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, कोपरे गेलेली. "डबा द्यायचा तर द्या," त्या म्हणाल्या, "वही मात्र मी द्यायची नाही."

मी ती वही त्याआधी कधी पाहिली नव्हती. बोटीवरच्या फावल्या वेळात दादाने केलेला प्रत्येक पॅच तिच्यात बॉलपेनने लिहिलेला होता. 'पॅच १७. ओडी १, गेन ११, बास +२, मिडल +४, ट्रेबल ०, प्रेझेन्स -१. दुबई, फेब्रु. ९९.' खाली बारीक अक्षरात: 'सोलोला मिडल +५ कर. केबिनमध्ये जास्त वाटतं, स्टेजवर बरोबर.' त्याच पानावर ग्रीसचा अंगठा उमटलेला. अशी पानं चाळीसच्या वर.

पुतणीने मॉडेलरवर मार्शलचं एक मॉडेल उघडलं आणि पॅच १७ चे आकडे भरायला गेली. जमेना. तिथे गेन शून्य ते दहा, मिडलला उणे-अधिक नाहीच. अकरा म्हणजे किती, +४ म्हणजे कुठे, हे त्या वहीला फक्त या डब्याच्या भाषेत सांगता येत होतं. ठसा घेणारं सॉफ्टवेअर एका ठेवणीचा आवाज पकडतं, गेन अकरावरून नऊवर आणायची सोय त्या ठशात नसते. चाळीस पॅचचे चाळीस ठसे घेता येतील. पण 'मिडल +५ कर' हे जे खाली लिहिलंय, ते हाताने करायचं काम आहे.

त्या संध्याकाळी दादाने नवा डायल फिरवत सतरावा पॅच परत भरला. मग अठरावा. आकडा वाचायचा, डायल फिरवायचा, स्टोअर दाबायचं, पुढे. वहिनी वाचून दाखवत होत्या.

निर्णय

ठेवायचा ठरला, पण माळ्यावर नाही. मॉडेलरच्या इफेक्ट लूपमध्ये तो कायमचा जोडला. गिटार मॉडेलरमध्ये जाते, तिथून सिग्नल बाहेर पडून जेएमपी-१ मध्ये, परत मॉडेलरमध्ये, मग डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (घुमारा) आणि कॅबिनेटचा आयआर. पॅच बदलायला वेगळा बोर्डही लागला नाही. मिडीचं मानक १९८३ मधलं. तीच पाच पिनांची वायर आजच्या मॉडेलरमधून निघून १९९२ च्या डब्यात घुसते आणि दोघांना एकमेकांचं पहिल्याच फटक्यात कळतं. डब्यावर मॅपचं बटण आहे, मॉडेलरचा कुठला क्रमांक आला की आपला कुठला पॅच लावायचा हे तिथे ठरवून टाकता येतं. तंत्रज्ञानात इतकी वर्षं टिकलेली बोली फार थोडी, आणि मला तिचं मनापासून कौतुक वाटतं.

विमा म्हणून पुतणीने सहा मुख्य पॅचचे ठसे घेऊन ठेवलेत. कार्यक्रमाच्या दिवशी डबा रुसला तर मॉडेलर एकट्याने वेळ निभावून नेईल. मिडीवरून सगळे पॅच लॅपटॉपवर उतरवून ठेवायचंही तिने अंगावर घेतलं आहे, म्हणजे सेल पुन्हा संपला तरी वहिनींना वाचत बसायला नको. पावसाळ्यात रॅकमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून निदान एकदा तासभर चालू ठेवणं, हे काकांचं पथ्य. यंत्र आतून गरम झालं की ओल बसत नाही.

बावीस हजार देणारा मुलगा कोपरखैरण्याचा. त्याला मी स्वतः फोन केला, कारण त्याला नुसतं नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. त्याने विचारलं, "मग दुसरीकडून शोधू का?" मी त्याला नको म्हणालो आणि कारणं सांगितली. त्याच्याकडे पॉवर ॲम्प नाही, आयआर चालवेल असं काही नाही, दुरुस्ती करणारं ओळखीचं कुणी नाही. परदेशातून मागवला तर कुरिअर आणि कस्टम वर, शिवाय बहुधा १२० व्होल्टचा पडायचा. त्याच्याकडे ती चाळीस पानंही नाहीत. तेवढ्या पैशांत त्याने एक साधा मॉडेलर घ्यावा, किंवा इंटरफेस घेऊन फुकटच्या सॉफ्टवेअरवर सुरुवात करावी. जेएमपी-१ चे लोकांनी घेतलेले ठसे त्याला तिथे मिळतील, आणि ते त्याच्या कानाला पुरेपूर पुरतील. वर्षभर वाजवून झाल्यावर हात डायलसाठी शिवशिवायला लागले, तर तेव्हा बोलू. त्याला हे पटलं की नाही कळलं नाही, पण आमचे ठसे हवेत का म्हटल्यावर तो लगेच हो म्हणाला. पुतणीने पाठवले.

एक गोष्ट अजून माझ्या मनात आहे. प्रीॲम्पच्या आतला ट्रान्सफॉर्मर अमेरिकेच्या ६० हर्ट्झचा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. स्टेप-डाउन व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर हिशेबापेक्षा थोडा जास्त तापतो. काकांनी दोन तासांनी हात लावून बघितला, गरम होता पण हात ठेवता येत होता. रॅकमध्ये त्याच्या वरचा एक खण त्यांनी मोकळा सोडायला लावलाय. गणपतीच्या कार्यक्रमानंतर झाकण उघडून कपॅसिटर पुन्हा मोजायचे ठरलेत. वहीत त्याची तारीख वहिनींनी लिहून ठेवली आहे, पॅच १७ च्या समोरच्या पानावर.